त्रासाला तारीख हवी

जपानच्या सहलींच्या जाहिराती हल्ली चाकणजवळच्या आमच्या कुरुळीतल्या मोबाइलवरही येऊन पडतात. मार्च-एप्रिलात चेरीचा बहर, बुलेट ट्रेन आणि फुजी पर्वत हा झाला पहिला धडा. ज्यांचा तो गिरवून झाला आहे, किंवा ज्यांची जमीन एमआयडीसीत बऱ्या भावाने गेली आहे, त्यांच्यासाठी पुढची इयत्ता म्हणजे होक्काइडो. जपानच्या नकाशात अगदी वर बसलेलं हे थंडगार बेट आकाराने महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं मोठं आणि वस्तीने जेमतेम पन्नास लाखांचं. त्याची जाहिरात ऋतूंच्या हिशेबाने छापतात: फेब्रुवारीत बर्फाचे पुतळे, त्याच सुमारास समुद्रावरून तरंगत येणारा बर्फ, मेमध्ये उशिराने पोचलेली चेरी, जुलैत लव्हेंडरची जांभळी शेतं, ऑक्टोबरात लालभडक झालेली झाडं. वाचणाऱ्याला वाटतं, निसर्गाने या बेटावर खास मेहेरनजर केलेली दिसते. तीच यादी तिथे जन्म काढलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचली, तर दारात साठणारा बर्फ, बोटी बंद पाडणारा बर्फ आणि भाव पडलेलं पीक असा मजकूर निघतो. म्हणजे आकर्षणांची यादी मुळात तक्रारींची यादी आहे. तक्रारींच्या बाबतीत कुरुळीकरांचा अभ्यास कुठल्याही जपान्याला हार जाणारा नाही, तेव्हा या विषयावर बोलायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रेक्षणीय स्थळ म्हणजे ज्याच्या संपण्याची तारीख जाहीर झाली आहे असा त्रास. त्रास सगळ्या जगाकडे असतो. तारीख फार थोड्यांकडे असते.

सुरुवात साप्पोरोपासून करू. सैबेरियातून सुटलेला कोरडा, गोठवणारा वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ पोटात भरून घेतो आणि होक्काइडोच्या डोंगरांना धडकला की सगळा ऐवज तिथेच रिकामा करतो. जवळपास वीस लाख वस्तीच्या या शहरावर एका हिवाळ्यात मिळून पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तो उचलायचा, ट्रकात भरायचा, कुठेतरी नेऊन टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शहराच्या मधोमध असलेल्या ओदोरी बागेत असाच बर्फ आणून टाकत. १९५० साली तिथल्या शाळकरी मुलांनी त्या बर्फाचे सहा पुतळे केले आणि बघायला गर्दी लोटली. १९५५ मध्ये जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान हाताशी आले, पुतळे दोन-तीन मजली होऊ लागले, १९७२ मध्ये शहरात हिवाळी ऑलिम्पिक भरलं आणि जगाला साप्पोरोचा पत्ता कळला. आता कुरुळीतल्या कुठल्याही कारखान्याच्या भिंतीवरचा कायझेनचा, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांचा, फलक डोळ्यांसमोर आणा. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, खाली कामगाराचं नाव, विभाग आणि वाचलेले रुपये. ‘आधी’च्या फोटोत तेलाने माखलेलं टेबल, त्यावर पाने, चिंध्या आणि कुणाचा तरी चहाचा कप, ‘नंतर’च्या फोटोत तेच टेबल, प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ मारून रंगवलेली जागा, आणि कप गायब. साप्पोरोचा बर्फोत्सव हा असाच एक फलक आहे. ‘आधी’च्या चौकटीत टाकून दिलेला बर्फ, ‘नंतर’च्या चौकटीत तोच बर्फ नाकाडोळ्यांसकट. माल बदलला नाही, जागा बदलली नाही. त्याला फक्त आठवड्याभराची मुदत मिळाली. मुदत संपली की पुतळे यंत्र लावून पाडतात, आणि हे पाडणंच सगळ्यात महत्त्वाचं. तेच पुतळे मार्चअखेरपर्यंत मळकट होत, नाक गळत उभे राहिले असते, तर ते हटवा म्हणून महापालिकेला निवेदनं गेली असती आणि शेवटी एखाद्या पुतळ्यासमोर उपोषणही झालं असतं.

दुसरा पुरावा समुद्रातला. होक्काइडोच्या ईशान्येला ओखोट्स्कचा समुद्र आहे. अमूर नदी आपलं गोडं पाणी त्यात आणून ओतते, वरचा थर कमी खारट होतो आणि म्हणून लवकर गोठतो. तो बर्फ वाऱ्याने आणि प्रवाहाने दक्षिणेकडे सरकत जानेवारीच्या अखेरीस अबाशिरी आणि मोन्बेत्सुच्या किनाऱ्याला लागतो. पर्यटकाला हे दृश्य वाटतं, मच्छीमाराला ती टाळेबंदी. बोट काढता येत नाही, जाळं टाकता येत नाही, आणि बंद कुणी पुकारला हे विचारायची सोय नाही. मोन्बेत्सुच्या लोकांनी यावर शोधलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. उत्तर ध्रुवाकडच्या तेलक्षेत्रांसाठी म्हणून प्रयोगादाखल बांधलेलं, नाकाशी भलेमोठे फिरते स्क्रू असलेलं एक जहाज त्यांनी मिळवलं, त्याला गारिन्को हे नाव दिलं आणि १९८७ पासून त्यात प्रवासी बसवून बर्फ फोडत फिरवायला सुरुवात केली. जहाजाचा प्रयोग संपलेला, समुद्राचं काम बंद पडलेलं. दोन बेकारांची गाठ घालून दिली आणि दोघांनाही रोजगार लागला. अबाशिरीने तर यावर कडी केली. तिथला तुरुंग एके काळी जपानभर बदनाम होता. कैद्यांना हाणून-मारून जंगलातून रस्ते बांधून घेतले आणि त्यात कित्येकांचा जीव गेला. १९८३ मध्ये त्या तुरुंगाच्या जुन्या इमारतींचं संग्रहालय झालं, आणि आता लोक पैसे भरून, रांग लावून आत जातात. इमारत तीच, कोठड्या त्याच, थंडीही तीच. फरक इतकाच की आताच्या माणसाला बाहेर पडायची वेळ दारावरच्या पाटीवर वाचायला मिळते. त्रास आणि आकर्षण यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा त्या पाटीएवढंच असतं.

उरलेली यादीही याच वळणाची आहे. फुरानोत लव्हेंडर लावलं ते अत्तराच्या तेलासाठी. १९७० च्या दशकात कृत्रिम सुगंध आणि बाहेरचं स्वस्त तेल आलं, भाव कोसळले, शेतकरी पीक मोडू लागले. १९७६ मध्ये जपानी रेल्वेच्या कॅलेंडरवर तिथल्या तोमिता फार्मच्या शेताचा फोटो छापून आला आणि कॅमेरे गळ्यात अडकवलेली माणसं येऊ लागली. तेलाचा भाव गेला तो गेलाच, बघण्याला मात्र भाव आला, आणि तोही फक्त जुलैच्या आसपासचे काही आठवडे. असाहियामा प्राणिसंग्रहालयात हिवाळ्यात पेंग्विन एका जागी बसून सुस्तावतात, म्हणून त्यांना व्यायामासाठी बाहेर काढायला सुरुवात झाली. आता त्या फेरीला जगभरातून माणसं येतात. बर्फावर एक रेघ आखलेली असते. माणसांनी तिच्या मागे थांबायचं, पेंग्विनांना रेघेचं बंधन नाही. ते डुलत येतात, मधेच थबकतात, एखादा मागे वळून कुणाची तरी वाट बघतो, सगळी रांग खोळंबते आणि काही कारण नसताना पुन्हा चालू लागते. आपल्याकडची वरात नेमकी अशीच चालते, फक्त बँडशिवाय बघायची सवय नसल्यामुळे आपल्याला ते नवीन वाटतं. बर्फ संपला की फेरीही संपते. आणि बिएइचा तो निळा तलाव, जो आपल्यापैकी अनेकांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिलेला आहे, तो तर निसर्गाने केलेलाच नाही. १९८८ मध्ये तोकाचिदाके ज्वालामुखी जागा झाला, चिखलाचे लोंढे गावात येऊ नयेत म्हणून बांध घातले, त्यातल्या एका बांधामागे पाणी साचलं आणि ते निळं दिसू लागलं. सरकारी बांधकामामागे पाणी साचणं ही घटना कुरुळीला मुळीच नवी नाही. ते निळं दिसणं तेवढं नवं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: त्यांना देवाने बर्फ दिला, आपल्याला काय दिलं? आपल्याला सह्याद्री दिला. अरबी समुद्रावरून वाफ भरून आलेला वारा सह्याद्रीला धडकतो आणि घाटमाथ्यावर ऐवज रिकामा करतो. यंत्र तेच, कच्चा माल वेगळा. आणि या यंत्रातून आपल्याकडेही तक्रारींची आकर्षणं झालेली आहेत. साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. जांभा खडकावर बोटभर माती, वर धो धो पाऊस, नांगर घालायची सोय नाही. शेतकऱ्याच्या हिशेबी ती पड जमीन. पावसाळा सरत आला की याच खडकावर काही आठवडे फुलांचे गालिचे पसरतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, आणि वन विभाग व आसपासच्या गावांच्या समितीने तिथे आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क आणि दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा लावली. भंडारदरा-पुरुषवाडीकडचे काजवे पाऊस स्थिरावण्याआधीचे थोडे दिवस झाडं उजळतात आणि निघून जातात. उजनी धरण झालं तेव्हा कित्येक गावं पाण्याखाली गेली; आज हिवाळ्यात त्याच फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावला रोहित उतरतात आणि तिथले मच्छीमार होडीतून माणसांना ते दाखवायला नेतात. मोन्बेत्सु आणि भिगवण यांच्यात फरक असेल तर तो जहाजाच्या आकाराचा. तेव्हा देवाने भेदभाव केला हा आक्षेप निकालात निघतो. देवाने दोघांनाही त्रास दिला आणि दोघांनाही त्यातून वाट काढायची बुद्धी दिली. आपण ती बुद्धी कासला वापरली आणि लोणावळ्याला घरी ठेवून गेलो.

कारण लोणावळ्यात आपल्याकडे ऋतू आहे, माणसं आहेत, उत्साह तर वाहून जाईल इतका आहे. नाही ती फक्त तारीख आणि मर्यादा. भुशी धरण बांधलं ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. इंजिनं गेली, पाणी राहिलं, आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणची निम्मी तरुणाई त्या पायऱ्यांवर बसायला निघते. कुरुळीहून निघालेला मनुष्य चाकण-तळेगाव रस्त्यावर दोन तास भिजतो, लोणावळ्यात वाहनतळ शोधताना तासभर भिजतो, धरणाच्या पायरीवर वीस मिनिटं भिजतो, मक्याचं कणीस आणि कांदाभजी खातो, आणि परत येताना पुन्हा तीन तास भिजतो. एवढा वेळ कुरुळीतही पाऊस पडतच असतो, पण घरच्या गच्चीवर भिजण्याला किंमत नाही. या गर्दीला आपण पर्यटन म्हणतो. ती गर्दी आहे. पर्यटनात किती माणसं, कोणत्या वेळी, कोणत्या रेघेच्या मागे, हे आधी ठरतं. गर्दीत ते अपघातानंतर ठरतं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर मनाई आदेश निघाले, फलक लागले, वेळा ठरल्या. मनाई आदेश हीसुद्धा एक तारीखच असते, पण ती आधी पडली तर वेळापत्रक होते आणि नंतर पडली तर पंचनामा.

आता खुद्द कुरुळी. मोशी सोडून नाशिक रस्त्याने चाकणच्या दिशेने निघालं की लागणारं हे गाव. एका बाजूला इंद्रायणीचं खोरं, दुसऱ्या बाजूला कारखाने, गोदामं आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. इथे बघण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्याने ते नीट बघितलेलं नाही. आळंदी फाटा ते तळेगाव चौक, आंबेठाण चौक हा पट्टा घ्या. ताशी दोनशेच्या पुढे काटा जाणाऱ्या कोऱ्या करकरीत गाड्या आठ-आठच्या गटाने ट्रेलरवर चढून, सायकलवाल्याला वाट देत उभ्या असतात. वेगाची एवढी किंमत आणि वेगाचा एवढा अभाव एका जागी जगात फार ठिकाणी दिसणार नाही. पावसाळ्यात सेवा रस्त्यावर खड्डे पडतात, त्यांत पाणी साचतं, आणि कुठला खड्डा घोट्याइतका व कुठला गुडघ्याइतका याचं ज्ञान स्थानिकाला वंशपरंपरेने आणि बाहेरच्याला अनुभवाने मिळतं. आणि इंद्रायणी? आळंदीला घाटाशी उभं राहिलं की नदीवर पांढऱ्याशुभ्र फेसाचे थर तरंगत येताना अनेकदा दिसतात, फोटोत तर ओखोट्स्कच्या समुद्राची आठवण यावी असे. तिथे अमूरचं गोडं पाणी कारणीभूत, इथे प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी. म्हणजे दृश्य आहे, प्रमाण आहे, छायाचित्रंही वर्तमानपत्रांत येतात. तरीही सहल कंपन्या इकडे का फिरकत नाहीत? सौंदर्य कमी पडतं म्हणून नव्हे. ओखोट्स्कचा बर्फ मार्चअखेर निघून जातो. आपला फेस निघून जाण्याची तारीख कुणी जाहीर केलेली नाही. रस्त्यावरची कोंडी फक्त ४ ते ११ फेब्रुवारी अशी आठवडाभर भरली असती, तर तिच्यासाठी गच्च्या भाड्याने गेल्या असत्या, तज्ज्ञांनी कुठल्या चौकातली कोंडी यंदा जास्त रसरशीत आहे यावर चर्चा केली असती आणि शेवटच्या दिवशी ती फोडायचा मान पालकमंत्र्यांना मिळाला असता. पण जी गोष्ट बाराही महिने चालते ती बघायला कुणी येत नाही. तिच्यात राहतात. आमच्याकडे त्रासाला हंगामच नाही, ही कुरुळीची खरी अडचण. जे यायचं ते येत नाही आणि जे आलं ते जात नाही. चाकणचा विमानतळ यायच्या आधीच पुरंदरला गेला, हा त्या नियमाला एकच अपवाद.

दुसरा आक्षेप असा येतो की ही तारखा पाळायची शिस्त जपान्यांच्या रक्तातच असते, आपल्याला ते जमायचं नाही. रक्ताचा हा सिद्धांत मांडायला सोपा असल्यामुळे लोकप्रिय आहे. त्याला उत्तर देण्यासाठी आळंदीपलीकडे जायची गरज नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते. कुठल्या दिवशी कुठला मुक्काम, कुठे रिंगण, रथाच्या पुढे कितव्या क्रमांकाची दिंडी आणि मागे कितवी, हे हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या शिस्तीने आजही चालतं. लाखो माणसं, पाऊस, चिखल, तरी आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचं म्हणजे गाठायचं. विठ्ठलाने मुदतवाढ दिल्याचं कधी ऐकलं आहे का? त्याहून जवळचा पुरावा हवा असेल तर आपल्याच खेड तालुक्यातला बैलगाडा बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या बंदीनंतर हा खेळ वर्षानुवर्षं थांबला, २०२१ च्या अंतरिम आदेशाने त्याचा रस्ता मोकळा झाला आणि २०२३ च्या निकालाने तो पक्का झाला. यात्रांच्या दिवसांत घाटावर गाडा सुटतो, पुढे घोडी, मागे बैल, आणि सगळा मामला अकरा-बारा सेकंदांत आटोपतो. एका सेकंदाच्या कितव्या हिश्शाने कुणाचा गाडा फळीफोड ठरला आणि कोण घाटाचा राजा, हे घड्याळ सांगतं आणि हजारो माणसं ते मान्य करतात. सेकंदाच्या हिश्शावर भांडणारा समाज तारीख पाळू शकत नाही असं कोण म्हणेल? पुढे ऐका. याच तालुक्यातली मुलं पाळीवर कारखान्यात जातात तेव्हा कानबानच्या कार्डाप्रमाणे माल हलवतात, पिवळ्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि मशिनवर हात चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून बसवलेल्या पोका-योकेला रोज हात लावतात. गेटाबाहेर आल्यावर तीच मुलं चुकीच्या बाजूने दुचाकी घालतात, कारण गेटाबाहेर पट्टा मारलेलाच नसतो. उलट, जपानी रक्ताने सगळं आपोआप सांभाळलं असतं तर शिरेतोकोला २३ एप्रिल २०२२ रोजी पर्यटकांची बोट बुडाली नसती. हवामान बिघडणार हे माहीत असताना ती समुद्रात नेली आणि बोटीवरच्या २६ जणांपैकी एकही वाचला नाही. शिस्त रक्तात नसते. ती रोज कुणाला तरी पाळून घ्यावी लागते, तिथेही आणि इथेही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो हसून टाळण्यासारखा नाही. प्रत्येक ऋतूवर तिकीट लावायचं, प्रत्येक फुलाला रांग लावायची, यात गावाचं गावपण काय उरतं? होक्काइडोने याचंही उत्तर दिलेलं आहे, आणि ते गोड नाही. बिएइच्या शेतांमध्ये एक वाकलेलं पॉपलरचं झाड फोटोवाल्यांत फार प्रसिद्ध होतं. लोक ते टिपायला पिकात घुसत, विनंत्या ऐकत नसत. झाड थकत आलेलं होतं, मालकही थकलेला होता. २०१६ मध्ये त्याने ते पाडून टाकलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच परिसरात बर्च झाडांची एक अख्खी रांग गेली, सुमारे चाळीस झाडं, कारणांत पुन्हा पर्यटकांची गर्दी. म्हणजे जिथे दृश्य होतं, तारीख नव्हती, मर्यादा नव्हती, तिथे गावाने दृश्यच संपवून टाकलं. हे पाहिल्यावर आक्षेपातला अर्धा भाग मान्य करावाच लागतो: त्रासाचं आकर्षण झालं की आकर्षणाचाही त्रास होतो. पण म्हणूनच मर्यादा हवी. संपण्याची तारीख पाहुण्याइतकीच यजमानासाठी असते. पाहुण्याला तिच्यामुळे निघायची घाई होते आणि यजमानाला तो जाईल याची खात्री मिळते. कासला फुलं सरली की पठार पुन्हा गुरांचं आणि गावाचं होतं. पाहुणा कधी जाणार हे कळलं की यजमान प्रेमळ होतो, हा नियम मराठी घरांत वेगळा शिकवावा लागत नाही.

राहिला एक चलाख आक्षेप, आणि तो आपल्या पुढाऱ्यांना सुचायच्या आत निकालात काढायला हवा. तो असा की मग आपणही महोत्सवच भरवू: चाकण खड्डे महोत्सव, इंद्रायणी फेसोत्सव, त्याचे फ्लेक्स आधी लावू. इथे कारखान्याच्या भिंतीवरचा दुसरा फलक, जागा नीटनेटकी ठेवायच्या फाइव्ह एसचा, उपयोगाला येतो. त्यातला पहिला एस नको ते काढण्याचा, दुसरा हवं ते जागेवर लावण्याचा, तिसरा साफसफाईचा. समारंभाला त्यात एसच नाही. साप्पोरो फेब्रुवारीतले आठ दिवस पुतळे दाखवतं ते सबंध हिवाळा रस्त्यांवरचा बर्फ उचलून. पुतळ्यांच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका जाऊ शकते, शाळेची बस जाऊ शकते, म्हणून पुतळे बघायला मजा येते. गारिन्को बर्फ फोडत जातं आणि परत येतं. परत येण्याबद्दल लोक पैसे देतात. त्रास आवरलेला असेल तरच तो दाखवता येतो, न आवरलेला त्रास दाखवला तर त्याला मोर्चा म्हणतात. तेव्हा कुरुळीच्या पर्यटन विकासाचा आराखडा करायचा तर त्यात पहिलं कलम महोत्सवाचं नसेल. ते असेल बारमाही त्रासांना हंगामी करण्याचं. खड्डे फक्त जुलै-ऑगस्टात, कोंडी फक्त कंपन्यांच्या पाळ्या सुटताना, आणि नदीवरचा फेस कुठल्याच महिन्यात नाही. कारण बर्फाचे पुतळे होतात, सांडपाण्याचे होत नाहीत.

आणि कुरुळीला हंगामी आकर्षण मुळीच नाही असंही नाही. दिवाळीत कंपन्यांना सुट्टी लागते, खोल्यांतली माणसं मराठवाड्याला, विदर्भाला, बिहार-उत्तर प्रदेशाला आपापल्या गावी जातात, आणि लक्ष्मीपूजनानंतरचे दोन-तीन दिवस नाशिक रस्ता रिकामा पडतो. एरवी गुरुवारी, म्हणजे औद्योगिक पट्ट्याच्या साप्ताहिक सुट्टीला, त्याची किंचित झलक मिळते. दिवाळीत अख्खा प्रयोग होतो. मोशीहून निघालेली गाडी चाकणला चहा निवायच्या आत पोचते. स्थानिक माणसं त्या दिवसांत काही काम नसताना चाकणला जाऊन येतात. हे निखळ पर्यटन आहे: दृश्य आहे, मुदत आहे, दरवर्षी तिथीवर येतं आणि ठरल्याप्रमाणे जातं. फक्त एक गोष्ट उलटी झाली आहे. होक्काइडोत वर्षभर रस्ता मोकळा ठेवतात आणि आठवडाभर बर्फ दाखवतात. आपल्याकडे वर्षभर कोंडी असते आणि दोन-तीन दिवस रस्ता दाखवतात. आराखड्याला दुरुस्ती सुचवायची तर एवढीच पुरे आहे, आणि तिला परदेशी सल्लागार लागणार नाही. ती उलट बाजू सुलट करायची मुदत कुणीतरी सहीनिशी जाहीर करावी. मुदत टळली, तर ज्याची सही आहे त्या साहेबांना दिवाळी सोडून इतर कुठल्याही सोमवारी सकाळी नऊला तळेगाव चौकात आणून उभं करावं. गर्दी जमेल, याची खात्री बाळगावी.